प्रवेश आधी येतो, पैसा मागून येतो
(पालक व विद्यार्थी यांच्याशी चार शब्द)



बारावीचा निकाल लागला आणि सी.ई.टी.चे गुण कळले, की आपल्या कासुर्डीतील काही घरांमध्ये एक वेगळाच काळ सुरू होतो. शेजारी पावसाची वाट पाहात असतात आणि या घरांतील माणसे मोबाईलवर येणाऱ्या संदेशाची. आई भाकरी थापता थापता विचारते, "आलं का काही?" वडील कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी करून येतात आणि चहा घेण्याआधी तोच प्रश्न विचारतात. मूल मान हलवते. पुन्हा दुसरा दिवस.

गतवर्षी आम्ही उभयतांनी हा काळ आमच्या मुलीसाठी काढला. त्या दिवसांत आमची एक मोठी चूक झाली. आम्ही समजत होतो, की आपण एकाच उत्तराची वाट पाहात आहोत. वस्तुतः ती दोन उत्तरे होती. पहिले उत्तर प्रवेशाचे, दुसरे पैशाचे. ही दोन उत्तरे वेगवेगळ्या कार्यालयांतून, वेगवेगळ्या तारखांना येतात. प्रवेशाचे उत्तर आधी येते आणि त्याला दोन-चार दिवसांची मुदत असते. पैशाचे उत्तर मागून येते आणि त्याला मुदत नसते. या दोहोंच्या मधल्या अंतरात गरिबाचे मूल अडकते. हे अंतर कसे असते आणि ते कसे ओलांडावे, एवढेच सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

सुभेदारांचा हिशेब

हे अंतर आजचे नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहिले, तर सुभेदार रामजींचे मोठेपण नव्याने कळते. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत ते मुलाला पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठवीत. मुलाला एखादे पुस्तक हवे झाले आणि हाती पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या मुलीकडे जात व पैसे मागत. तिच्याकडे रोकड नसली तर तिचा दागिना घेत, तो गहाण ठेवत, पुस्तक आणत आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून मुलीला परत देत. बाबासाहेबांनीच ही आठवण सांगितलेली आहे.

आपण ही गोष्ट बापाच्या मायेची म्हणून ऐकतो. ती आहेच. परंतु त्यात एक स्वच्छ हिशेबही आहे. पेन्शन येणार हे ठरलेले होते, फक्त ती उशिरा येणार होती. पुस्तक मात्र आज हवे होते. मधले दिवस लेकीच्या दागिन्याने भरून काढले. दागिना गेला नाही, तो परत आला.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजची वेळ आली तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी मध्ये पडले आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. बी.ए. झाल्यावर परदेशी शिक्षणाचा प्रश्न आला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांचे निधन झाले. ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाशी शिष्यवृत्तीचा करार झाला आणि जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ज्या बापाने आयुष्यभर वाट पाहिली, त्याच्या निधनानंतर चार महिन्यांनी उत्तर आले.

पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. प्रवेश होता, बुद्धी होती, पैसा थांबला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. प्रत्येक वळणावर हे अंतर कोणीतरी भरून काढले, हे आपण विसरता कामा नये.

हक्क कसा आला

आपल्याला जे सोसावे लागले ते पुढच्या मुलांना सोसावे लागू नये, म्हणून बाबासाहेबांनी व्यवस्था उभी केली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. आपल्या गावावरून जाणारा महामार्ग ज्या सोलापूरला जातो, तेच हे सोलापूर. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. तेथे त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद करून घेतली. १९४४ पासून सुरू झालेली ती योजनाच आजची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती होय.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्रात राज्यस्थापनेपासून, म्हणजे १ मे १९६० पासून, नवबौद्धांना राज्याच्या सवलती मिळू लागल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कोणी मान खाली घालू नये. ती कोणाची मेहेरबानी नाही.

पहिले उत्तर : प्रवेशाचे

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी आदी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सी.ई.टी. कक्षामार्फत केंद्रीभूत पद्धतीने होतात. मुलाने महाविद्यालयांची पसंतीक्रमाने यादी भरायची असते. गुण, प्रवर्ग व उपलब्ध जागा पाहून फेरीनिहाय जागा मिळते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेच घ्यावे लागते. ते नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून यादीत पहिले नाव लिहिताना त्या गावी राहण्याजेवणाचा खर्च झेपेल का, याचा विचार आधीच घरात झाला पाहिजे. नंतर नव्हे.

जागा मिळाल्याचा संदेश आला, की ती स्वीकारणे, कागदपत्रे तपासून घेणे आणि महाविद्यालयात हजर होणे हे सर्व थोड्या दिवसांत उरकावे लागते. येथे कागद हीच खरी अडचण. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका हे कागद निकालाच्या दिवशी घरात असले पाहिजेत.

त्यातही सर्वांत वेळखाऊ म्हणजे जात वैधता. २००१ पासून राज्यात यासाठी स्वतंत्र कायदा अमलात आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात पडताळणी समिती आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबा शाळेत गेलेलेच नसतील तर पुरावा कोठून आणावा, असे अनेक जण विचारतात. अशा वेळी जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४ किंवा आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते, आणि महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे उपयोगी पडतात. ज्या वतनाने आपल्या पूर्वजांना गावकीला जखडून ठेवले, त्याच वतनाचा कागद आज नातवंडांना महाविद्यालयाचे दार उघडून देतो! अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश घेतल्याबरोबर वैधतेचा अर्ज महाविद्यालयामार्फत करावा. बारावीच्या निकालानंतर केलेला अर्ज म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. मुदतीत वैधता दिली नाही तर राखीव जागेवरील हक्क जाऊ शकतो.

आय.आय.टी.सारख्या केंद्राच्या संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो. राज्याचा दाखला तेथे चालेल, असे धरून बसू नये.

दुसरे उत्तर : पैशाचे

भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची सवलत मिळते, तिलाच आपण फ्रीशिप म्हणतो. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावयाचे असतात. अर्ज आधी महाविद्यालयात तपासला जातो, मग समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात जातो. पुणे जिल्ह्याचे हे कार्यालय विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात आहे. त्रुटी निघाली तर अर्ज परत विद्यार्थ्याकडे येतो. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नव्हे. दर आठवड्याला तो उघडून पाहिला पाहिजे. पुष्कळ मुलांचे पैसे नामंजुरीमुळे नव्हे, तर परत आलेला अर्ज कोणी पाहिलाच नाही म्हणून अडकतात. बँकेचे खाते मुलाच्या स्वतःच्या नावाचे व आधारशी जोडलेले असावे.

केंद्राने २०२१ मध्ये नियम बदलले. तेव्हापासून खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. खात्यात आलेली सर्व रक्कम मुलाच्या खर्चाची नसते. तीत शिक्षण शुल्काचा भाग असतो व तो महाविद्यालयात भरावयाचा असतो. तो घरखर्चात गेला तर वर्षाच्या शेवटी परीक्षेच्या तोंडावर अडचण उभी राहते.

शुल्काशिवाय राहण्याजेवणाचा प्रश्न असतो. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर उत्तमच. न लागल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत शिकणाऱ्यास वर्षाला ६० हजार रुपये, इतर महानगरपालिकांच्या क्षेत्रात ५१ हजार व जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये ठरविण्यात आले. हजेरी चांगली ठेवावी लागते. रकमा व अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच अर्ज भरावा. मात्र हे पैसेही पहिल्या महिन्याच्या खानावळीला वेळेवर येतील, असे धरून चालू नये.

मधले अंतर

आता खरा मुद्दा. शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी संपूर्ण शुल्क मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरीही प्रत्यक्षात काय होते ते आम्ही अनुभवले. खिडकीवर आम्हास सांगण्यात आले, "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या." मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. आम्ही वाद घातला नाही, परिपत्रकही जवळ नव्हते. मंडळींच्या कानातली फुले यवतला सोनाराकडे ठेवली आणि पैसे भरले. फुले पुढच्या वर्षी सुटली. ज्या घरात फुले नाहीत, त्या घराने काय करावे?

याचे उत्तर देशाने २०२४ मध्ये पाहिले. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.मध्ये विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. जागा स्वीकारण्यासाठी २४ जून रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत १७,५०० रुपये भरावयाचे होते. घरच्यांनी गावातून पैसे गोळा केले, परंतु ते हाती येईपर्यंत वेळ संपत आली आणि संगणकावर भरणा पूर्ण झाला नाही. जागा गेली. झारखंड, मद्रास असे हेलपाटे घालून शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खालील अधिकार वापरून त्याला त्याच वर्गात जागा द्यावी, असा आदेश दिला आणि दुसऱ्या कोणाची जागा जाऊ नये म्हणून जादा जागा निर्माण करण्यास सांगितले. २०२१ मध्येही मुंबईच्या आय.आय.टी.बाबत असेच घडले होते. तेथेही भरणा न झाल्यामुळे गेलेली जागा न्यायालयाने मिळवून दिली.

न्याय झाला, याचा आनंद आहेच. पण समाजबांधवांनो, विचार करा. सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती मुले पोहोचतील? गुण कमी पडले म्हणून जागा गेली तर मूल पुन्हा प्रयत्न करील. पण काही तासांच्या उसनवारीअभावी जागा गेली, तर तो दोष मुलाचा कसा म्हणावा?

ज्या अमेरिकेत बाबासाहेब शिकले, तेथील पद्धत या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तेथील पुष्कळ महाविद्यालये प्रवेशाबरोबर किंवा त्यानंतर लवकरच किती मदत मिळेल याचेही पत्र पाठवितात, आणि पालकांनी १ मेपर्यंत निर्णय कळवावा असा प्रघात आहे. म्हणजे दोन्ही उत्तरे हातात घेऊन घरात विचार करता येतो. २०२४ मध्ये तेथील सरकारी मदतीचा नवा अर्ज उशिरा निघाला आणि मदतीची पत्रे लांबली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी निर्णयाची तारीखच पुढे ढकलली. पैशाचे उत्तर लांबले तर प्रवेशाची मुदतही लांबली पाहिजे, एवढा साधा न्याय त्यात आहे. तेथे शिक्षण महाग आहे आणि कर्जाचा बोजाही मोठा आहे, ते सर्व आपण घ्यावे असे नव्हे. परंतु ही एक गोष्ट मागण्यासारखी आहे आणि आपल्या संघटनांनी ती शासनाकडे मागितली पाहिजे.

घरात काय करावे

शासन ऐकेपर्यंत आपण काय करावे? प्रथम घरातले पाहू. मार्च-एप्रिलमध्येच एका पिशवीत सर्व मूळ कागद व प्रत्येकाच्या चार झेरॉक्स प्रती ठेवाव्यात. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून एप्रिल उजाडताच नवा काढण्याच्या मागे लागावे. ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटावे, महा-ई-सेवा केंद्रात अर्ज करावा व दौंडच्या तहसील कचेरीकडे पाठपुरावा करावा. शुल्क न मागण्याविषयीच्या परिपत्रकाची प्रत खिशात ठेवावी व खिडकीवर नम्रतेने, पण ठामपणे दाखवावी. नकार मिळाल्यास तो लेखी मागावा.

पहिल्या तीन महिन्यांचा खर्च कागदावर मांडावा. पुण्याला पुणे-दौंड गाडीने किंवा एस.टी.ने रोज जाऊन-येऊन भागेल की तेथे राहावे लागेल, हे आधी ठरवावे. कर्जच काढावे लागले तर सावकाराआधी बँकेत जावे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत नामांकित संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना विनातारण कर्जाची सोय आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडेही शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट, जी कागदावर मांडता येत नाही. वाट पाहण्याच्या दिवसांत मुलाला दिवसातून दहा वेळा विचारू नये. "तुझ्यासाठी एवढे केले" हे वाक्य तर उच्चारूच नये. आमच्या मुलीने एका रात्री आम्हास विचारले, "आण्णा, पैसे नाही आले तर मी घरी बसू का?" त्या क्षणी आम्हास कळले, की आम्ही आमची काळजी तिच्या डोक्यावर ठेवली होती. निकालाची काळजी मुलाची असू द्यावी, पैशाची आपली. उत्तर प्रतिकूल आले तरी मूल तेच आहे, त्याची किंमत कमी झालेली नाही, हे त्याला आपल्या वागण्यातून कळले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. अर्जाची अडचण, परत आलेला अर्ज, चुकलेली तारीख घरी लपवू नका. रागावतील म्हणून लपविलेली एक गोष्ट पूर्ण वर्ष बुडवू शकते.

संस्थेने काय करावे

शेवटी आपल्या संस्थेविषयी आमचे नम्र मत मांडतो. दरवर्षी आपण गुणवंतांचा सत्कार करतो, पुष्पगुच्छ देतो. तो अवश्य करावा. परंतु सत्कार निकालानंतर होतो आणि खरी गरज त्यानंतरच्या पंधरवड्यात असते. तेव्हा संस्थेने एक फिरता शैक्षणिक निधी उभारावा. ५० घरांनी महिन्याला १०० रुपये दिले, तर वर्षाला ६० हजार रुपये होतात. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला स्वाधारमधून वर्षभरात मिळणारी रक्कम तेवढीच आहे! हा निधी देणगी म्हणून देऊ नये, बिनव्याजी उसना द्यावा. प्रवेशाच्या दिवशी द्यावा आणि शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला तो उपयोगी पडेल. हिशेब विहारातील फलकावर लावावा. नावे मात्र लावू नयेत. उसने घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे.

त्याबरोबर अर्ज भरण्याची माहिती असलेली दोन-तीन शिकलेली मुले जून ते ऑगस्टपर्यंत दर रविवारी विहारात बसवावीत. ज्यांचे वैधता प्रमाणपत्र झाले आहे, त्यांनी आपल्या जुन्या नोंदींच्या प्रती तेथे ठेवाव्यात. एकाच भावकीतील दुसऱ्या मुलाचे काम त्यामुळे निम्मे होईल.

सुभेदारांच्या वेळी एका लेकीचा दागिना गहाण पडला आणि सुटून परत आला. आपण सर्वांनी मिळून तसा एक दागिना घडवावा. तो कोणा एका घराचा नसेल, गावातील प्रत्येक मुलासाठी दर जूनमध्ये गहाण पडेल आणि दर मार्चमध्ये सुटून येईल. मग "आलं का काही?" असे विचारणाऱ्या आईला आपण सांगू शकू, की प्रवेश आला आहे, पैसा वाटेवर आहे, आणि तोपर्यंत आम्ही आहोत.

जयभीम!